सहावीचं पहिलं सत्र आणि इंदिरानगरचा बिनपाटीचा क्लास : ५ पैकी ४

आधीच सांगतो, क्लासचं नाव टाकत नाहीये कारण क्लासला नावच नाहीये. बाहेर पाटी नाही, फ्लेक्स नाही, टॉपरचे फोटो नाहीत. नाशिकच्या इंदिरानगरात एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर रिटायर्ड बाई राहतात, त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून सहावीची पंधरा-सोळा पोरं बसतात, झाला क्लास. महिना ९०० रुपये. शेजारच्या ताईंनी सांगितलं म्हणून गेलो, तेही थोडं उशिराच, त्याआधी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगतो.

मे महिन्यात आम्ही पोराला एका मोठ्या क्लासला घातलं होतं. एसी केबिन, टाय लावलेला माणूस, सहावीपासून फाउंडेशन पक्कं पाहिजे वगैरे वगैरे. पोरगं अकरा वर्षाचं, सायकलची चेन पडली तर रडत घरी येतं, आणि हा माणूस त्याच्या इंजिनिअरिंगचं बोलतोय, आणि मी मान डोलावतोय. पहिला हप्ता भरला. दीड महिना गेला आणि रोज ॲपवर मेसेज यायचा, आज ६८ टक्के, आज ७४ टक्के. पोराला विचारलं काय शिकवलं रे तर म्हणे वर्कशीट. वर्कशीटमध्ये काय होतं? आठवत नाही. हप्ता अर्थातच परत मिळाला नाही, सोडून दिला.

बाईंकडे पहिल्याच दिवशी आम्हाला एक कागद मिळाला. हाताने लिहून झेरॉक्स काढलेला. वर लिहिलेलं, पहिलं सत्र, जून ते दिवाळी, सहावी, आणि खाली विषयवार काय काय शिकायचं, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती नाशकात कुठे बघायला मिळेल ते. टक्के नाहीत, टेस्ट सिरीज नाही. गणितात भूमितीतले मूलभूत संबोध, कोन, पूर्णांक, अपूर्णांक, दशांश, स्तंभालेख, सममिती, विभाज्यता, मसावि-लसावि. विज्ञानात हवा पाणी जमीन, सजीवांचं वर्गीकरण, आपत्ती व्यवस्थापन, पदार्थ, आहार. भूगोलात वृत्तं, पृथ्वीगोल, हवामान. इतिहासात साधनं, हडप्पा, वैदिक संस्कृती. हे सगळं बालभारतीच्या पुस्तकात अनुक्रमणिकेत आहेच हो, पुस्तकं तर पीडीएफमध्ये फुकट डाउनलोड होतात, पण खरं सांगा आपल्यापैकी किती जणांनी अनुक्रमणिका उघडून बघितली आहे, मी तरी नव्हती बघितली.

आता पूर्णांकाचं सांगतो कारण तिथेच मला पटलं. ऋण संख्या माझ्या पोराला कळतच नव्हत्या, शून्यापेक्षा कमी म्हणजे काय असतं, नसलेल्यातून अजून कमी कसं होणार, त्याचा प्रश्न बरोबरच होता. बाईंनी फळ्यावर दुतोंड्या मारुती काढला, गोदावरीच्या पात्रातली मारुतीची उभी मूर्ती. पावसाळ्यात गोदावरीला पाणी आलं की अख्खं नाशिक हेच विचारतं ना, मारुतीच्या कुठपर्यंत आलं, गुडघ्याला का कमरेला का गळ्याला. बाई म्हणाल्या कमरेला शून्य धरा. पाणी कमरेच्या दोन फूट वर म्हणजे अधिक दोन, तीन फूट खाली म्हणजे उणे तीन. सकाळी उणे तीनवर होतं, धरणातून सोडलं, संध्याकाळी अधिक दोनवर आलं, मग चढलं किती? पाच, सगळी पोरं ओरडली. दोन वजा उणे तीन बरोबर पाच हे मी सहावीत 'वजा वजा अधिक' असं घोकलं होतं आणि काल-परवापर्यंत मलाही का ते माहीत नव्हतं.

विभाज्यतेला गाड्यांचे नंबर. आता आम्ही बाहेर निघालो की मागच्या सीटवरून सुरू होतं, एमएच १५ पुढचे चार आकडे, ४७८२, चार सात आठ दोनची बेरीज २१, तीनने जातो नऊने नाही. द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये हे फार बरं पडतं. लसाविला एक बस १२ मिनिटांनी आणि दुसरी १८ मिनिटांनी, आत्ता दोन्ही एकदम सुटल्या तर परत एकत्र कधी, ३६ मिनिटांनी.

इतिहासासाठी पांडवलेणीला नेलं, रविवारी सकाळी, पालकांनी पण यायचं अशी अट. पायऱ्या चढून माझा दम गेला पण ऐकण्यासारखं होतं. धड्यात इतिहासाची साधनं तीन, भौतिक लिखित आणि मौखिक, बाई म्हणाल्या तिन्ही इथे एका डोंगरावर सापडतात, शोधा. लेणं स्वतः भौतिक साधन. तीन नंबरच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी अक्षरांचा प्राकृत लेख आहे, गौतमी बलश्री या राजमातेचा, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी कोरलेला, त्यात तिने आपल्या मुलाचं म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन केलंय की याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. हे झालं लिखित. आणि पांडव? एक मुलगी म्हणाली पण बाई ही तर बौद्ध लेणी आहेत मग पांडव कुठून आले. बाई म्हणाल्या शाब्बास, ते मौखिक. लोक सांगत आले म्हणून नाव पडलं, आता ते खरं धरायचं का तपासायचं ते तुम्ही ठरवा. मी जन्मापासून नाशिकचा, लहानपणी तिथे भेळ खायला जायचो, त्या लेखाकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

तिथेच त्यांनी जोगलटेंभीचं सांगितलं. आपल्याच जिल्ह्यात १९०६ साली नहपान या क्षत्रप राजाची चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली, आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्राने वरून स्वतःचा छाप मारलेला. हरलेल्या राजाचं नाणं वितळवायचं पण नाही, सरळ त्याच्या तोंडावर आपला शिक्का. पोरांना हे प्रचंड आवडलं, आठवडाभर सगळ्यांच्या वह्यांवर एकमेकांचे शिक्के.

भूगोलात नाशिक साधारण २० अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली, म्हणून आपल्याकडे सूर्य वर्षात दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, मे महिन्यात आणि परत जुलैत, त्या दिवशी दुपारी सावली पायाखाली जाते. मेमध्ये शाळा बंद, जुलैत ढग, त्यामुळे बघायला काही मिळालं नाही, पोरं नुसती गच्चीवर उभं राहून भिजली. विज्ञानाला बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवलं, खाली वाळू मग गाळ वर चिकणमाती, आमच्या ओट्यावर ती बरणी पंधरा दिवस होती, बायको वैतागली.

माझा मुलगा सेमीला आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, आणि वर्गात निम्मी पोरं पूर्ण मराठी माध्यमाची. मला वाटलं गोंधळ होणार. पण बाई दोन्ही शब्द वापरतात, मसावि म्हणजे एचसीएफ, पूर्णांक म्हणजे इंटिजर, आणि पोरांना दोन्ही लिहायला लावतात. उलट बरंच झालं, आजोबांना आता त्याचा अभ्यास घेता येतो.

एक स्टार कशाचा कापला तर, कागदावरचं सगळं पूर्ण झालं नाही. पांडवलेणीत आणि मारुतीत वेळ गेला, दशांश अपूर्णांक दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात उरकले, त्यातला भागाकार अजूनही कच्चा आहे, मी घरी घेतोय. आहाराचा धडा तर वाचा म्हणून सांगितलं फक्त. इंग्रजी विषय यथातथा, व्याकरण करून घेतात पण बोलायची सवय नाही. वेळ सहा ते साडेसात, माझी अंबडला सेकंड शिफ्ट असली की आणायला बायकोला जावं लागतं आणि गाडी लावायला जागा नाही, सोसायटीचे काका खिडकीतून ओरडतात. दुपारी दोन ते चार फोन केला तर बाई उचलत नाहीत आणि नंतर वरून रागावतात.

मार्कांचं विचाराल तर ठीक, फार उड्या नाहीत. पण सहावीला निम्मे मार्क आकारिकचे असतात, म्हणजे तोंडी, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प असलं सगळं, आणि निम्मे संकलितचे म्हणजे सत्राच्या परीक्षेचे, हे मला पालक असून माहीत नव्हतं. मी आपला फक्त परीक्षेच्या पेपरांवर जीव काढत होतो. साधनांच्या धड्यावर त्याने शाळेत पांडवलेणीचा प्रकल्प दिला, स्वतः काढलेली चित्रं लावून, वर्गात वाचून दाखवायला लावला.

पुस्तकांचं एक, सगळे विषय एकत्र करून चार भागांत पुस्तक द्यायचं ते प्रकरण २०२५-२६ ला बंद झालं, परत विषयवार पुस्तकं आली, तेव्हा मोठ्या भावंडांचे जुने भाग सांभाळून ठेवले असतील तर धडे कुठे गेले म्हणून घाबरू नका, शोधावे लागतात इतकंच.

बाईंकडे पुढच्या वर्षी जागा आहे का ते मला विचारू नका, त्या ओळखीशिवाय घेत नाहीत आणि सोळाच्या वर तर घेतच नाहीत, सतरंजी तेवढीच आहे. दुसऱ्या सत्राचा कागद कालच आला. शेकडेवारी, नफा-तोटा, सातवाहन, म्हणजे पांडवलेणी परत एकदा चढायची, आणि विज्ञानात चुंबक. त्यासाठी प्रत्येकाने जुन्या स्पीकरमधलं गोल चुंबक आणायचंय, आमच्याकडे नाहीये, सिडको-इंदिरानगर साइडला कोणाकडे बंद पडलेला स्पीकर असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.