हॅनकॉक हाऊस, साउथ जर्सी: आधी भिंत बघा, मग आत जा

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एकदा तरी जावं असं ठिकाण. एडिसनहून आम्हाला दोनेक तास लागले, शेवटी शेवटी रस्ता नुसता शेतं आणि खाजणातून जातो, आणि मग हॅनकॉक्स ब्रिज या छोट्याशा गावात हे विटांचं घर दिसतं.

विल्यम आणि सारा हॅनकॉक या नवरा-बायकोने १७३४ मध्ये बांधलंय. म्हणजे शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली १७३२ ला, त्यानंतर दोनच वर्षांनी!

गाडी लावली की लगेच दारातून आत घुसू नका, आधी बाजूला जाऊन पश्चिमेची भिंत बघा. लाल विटांमध्ये निळसर-करड्या चकचकीत विटा बसवून वरपर्यंत नागमोडी पट्टे काढलेत, आणि वर आढ्याजवळ विटांमध्येच दोघांची आद्याक्षरं आणि साल. बायकोचं अक्षर पण आहे बरं का, ते बघून मला फार भारी वाटलं. त्या विटांना रंग दिलेला नाहीये, भट्टीत लाकडाच्या जाळाला ज्या विटा सगळ्यात जवळ असतात त्यांच्या तोंडावर राख आणि उष्णतेने काचेसारखा थर चढतो, गवंड्याने त्याच विटा निवडून वेगळ्या ठेवायच्या आणि नक्षीत बरोबर जागेवर लावायच्या. एक वीट चुकली तर अख्खा पट्टा तिरका! इथल्या सेलम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) अशी नक्षीची घरं अजून बरीच आहेत, इंग्लंडहून आलेल्या क्वेकर लोकांनी (साधेपणा मानणारा ख्रिस्ती पंथ) बांधलेली. राहणी अगदी साधी आणि भिंत अशी, हे मला खूप आवडलं. दुपारी उशिरा जा, ऊन त्या भिंतीवर येतं तेव्हा निळ्या विटा चमकतात.

बहुतेक लोक येतात ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७८ मध्ये इथे झालेल्या हत्याकांडासाठी. गावातला पूल राखायला असलेली, ब्रिटिशांविरुद्ध लढणारी स्थानिक मिलिशियाची (गावकऱ्यांच्या सैन्याची) माणसं या घरात झोपली होती, २१ मार्चला पहाटे साधारण ३०० ब्रिटिश बाजूचे सैनिक आले आणि गोळी न झाडता संगिनींनी भोसकलं, दहाएक जण गेले. घरमालक जज हॅनकॉक, विल्यम-साराचा मुलगा, स्वतः ब्रिटिश राजाच्या बाजूचा होता, तोही त्यातच जखमी झाला आणि काही दिवसांनी वारला. हे माहीत असताना त्या खोल्यांमध्ये मोठ्याने बोलवत नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला मी एवढं सगळं नाही सांगितलं, तिने बाहेर बसून वहीत नागमोडी पट्टे काढले.

१९३१ पासून घर न्यू जर्सी राज्याकडे आहे. खायला-प्यायला आसपास फार काही मिळेल असं धरू नका, डबा न्या, आणि निघण्याआधी उघडण्याचे दिवस नक्की बघा. बंद असलं तरी बाहेरून भिंत दिसतेच, माझ्या मते तेवढ्यासाठीही दोन तासांचा ड्राइव्ह वसूल आहे. पाच पैकी पाच.