कलावंतांसाठी व्यवसाय-प्रशिक्षण: घरबसल्या कोर्स की गटातला वर्ग?

वाजवायला बसलं की भान हरपतं, पण बिदागीचं बोलणं निघालं की शब्द फुटत नाही. अशी वेळ आलेले कलावंत मग प्रशिक्षण शोधू लागतात आणि दोन वाटांपाशी अडतात. एक म्हणजे सवडीने पाहायचा ऑनलाइन कोर्स. दुसरी म्हणजे आपल्याच भागातल्या पंधरा-वीस कलावंतांसोबत काही आठवडे बसून केलेला वर्ग, जिथे व्यवसायाबरोबर नागरी कामकाजही, म्हणजे परवाने, नियम, जाहीर सुनावण्या हेही शिकवतात. मी दोन्ही केले आहेत आणि माझा कल दुसऱ्याकडे आहे. तरी पहिल्याचं देणं आधी देऊन टाकतो.

बिल कसं करायचं, खर्चाची नोंद कशी ठेवायची, गाण्याच्या रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळे कसे, प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळख म्हणून मिळणारा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड कशासाठी असतो, हे सगळं ऑनलाइन उत्तम कळतं. नाही समजलं तर थांबवून पुन्हा पाहता येतं. फक्त कोर्स कोणत्या देशातल्या कर-कायद्यावर बेतलाय ते आधी बघा.

पैसे भरण्याआधी कोर्स ताडून पाहायला एक चांगलं माप आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात ‘स्प्रिंगबोर्ड फॉर द आर्ट्स’ ही संस्था आहे. तिचा ‘वर्क ऑफ आर्ट’ हा अभ्यासक्रम १२ भागांचा असून वेळेचं नियोजन, किंमत ठरवणं, कायदा, हिशेबाच्या नोंदी, अनुदानाचा अर्ज असे विषय त्यात येतात. तुमच्या कोर्सच्या यादीत नुसतं सोशल मीडियावरचं मार्केटिंगच असेल, तर तो सोडून द्या.

आता गटाबद्दल. आमच्या वर्गात एका चौघांच्या बँडला चार चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्यांच्याच एका गाण्यात आपला वाटा किती टक्के, ते प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता लिहायचं. बेरीज झाली १३५. खोलीत कोणी बोलेना. तालवादक म्हणाला, “तो मधला ठेका माझा आहे, त्याच्याशिवाय गाणं उभंच राहत नाही.” गीतकाराला ते पटेना. तास-दीड तास घासाघीस झाली आणि शेवटी एका कागदावर चार आकडे, बेरीज १००, तारीख आणि चौघांच्या सह्या आल्या. हा वाटणीचा कागद ऑनलाइन कोर्समध्ये मी आधी पाहिला होता. नमुना उतरवूनही घेतला होता. भरला मात्र कधीच नव्हता, कारण तो भरायला समोर माणसं लागतात.

बिदागीचंही तसंच. प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा असा एक तास होता. एकाच प्रकारच्या कार्यक्रमाला दोन वादकांच्या आकड्यांत दुपटीचा फरक निघाला. कमी घेणाऱ्याने प्रवास, तालमीचे तास आणि वाद्याची दुरुस्ती धरलीच नव्हती. आपण आकडे एकमेकांपासून लपवतो आणि त्याचा फायदा बोलावणाऱ्याला होतो, हे त्या दिवशी मला कळलं.

नागरी कामकाजाचा भाग अनेकांना रटाळ वाटतो: जाहीर सुनावणीची नोटीस वाचणं, आवाजमर्यादेचे नियम, परवान्याचा अर्ज, तीन मिनिटांत आपलं म्हणणं मांडणं. पण संगीताच्या जागा टिकतात त्या यावरच. जुन्या संगीतगृहाशेजारी नवी घरं उभी राहतात आणि मग आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. नंतर आलेल्या बांधकामाने आवाज रोखायचा खर्च उचलावा, हे तत्त्व ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत आणलं. त्यामागे संगीतक्षेत्रातल्या लोकांनी लावून धरलेली मागणी होती. असं काम एकट्याने पडद्यासमोर बसून शिकता येत नाही.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या रिजनल आर्ट्स कमिशनने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘कॅट इन्स्टिट्यूट’ या प्रशिक्षणाने कलावंतांना समाजकार्य करणाऱ्यांसोबत एकाच वर्गात बसवलं. मिनेसोटातल्याच सेंट पॉल शहरात नव्या रेल्वेमार्गाच्या खोदकामामुळे रस्त्यावरच्या छोट्या व्यावसायिकांकडे गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा स्प्रिंगबोर्डने २०११ पासून ‘इरिगेट’ उपक्रमात स्थानिक कलावंतांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी त्याच व्यावसायिकांसोबत छोटे-छोटे कलाप्रकल्प केले. कलावंताला त्यातून कामही मिळालं आणि शेजारही.

गटाच्या अडचणी खऱ्या आहेत. वर्ग बहुधा संध्याकाळी, म्हणजे नेमके कार्यक्रमांच्या वेळी. चित्रकार जास्त असतील तर किंमतीचा निम्मा तास गॅलरीच्या कमिशनवर जातो आणि गायक ताटकळतो. शिकवणारा स्वतः कलेवर पोट भरलेला नसेल तर सगळं पुस्तकी होतं.

म्हणून माझा सल्ला असा. कर आणि नोंदी एवढंच अडलं असेल, किंवा दौऱ्यांमुळे दर आठवड्याला हजर राहणं जमणार नसेल, तर ऑनलाइन घ्या. बँडमध्ये किंवा साथीदारांसोबत काम करत असाल, बिदागी वर्षानुवर्षं तिथेच अडकली असेल, किंवा तुमच्या वाजवण्याची जागाच धोक्यात असेल, तर गटात बसा, एक-दोन कार्यक्रम सोडावे लागले तरी. नाव नोंदवण्याआधी आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा: मागच्या तुकडीतले लोक अजून एकमेकांना भेटतात का? आणि त्यातल्या एखाद्याशी बोलायला मिळेल का, तेही विचारा.