तट की किल्ला?

"मामा, दर पाच मिनिटाला तेच घोडेस्वार! तट घालू का किल्ला बांधू?" साताऱ्याहून भाच्याचा फोन. युद्धाचा व्हिडिओ गेम 'एज ऑफ एम्पायर्स २'.

दगडी तट चौकटीला फक्त ५ दगड, फ्यूडल एजमध्येच, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या टप्प्यातच मिळतो. घोडेस्वार बाहेर घुटमळतात, शेतं निवांत. पण तट स्वतः मारत नाही आणि एक फट पुरते. माझ्या लाकूडतोड्यांनी आडोशाचं झाड तोडलं की हमखास पडतेच!

किल्ल्याला ६५० दगड, तेही कॅसल एज, म्हणजे तिसरा टप्पा गाठल्यावर. बाण आपोआप सुटतात; रॅमवर (भिंती फोडणारा ओंडक्याचा गाडा) मात्र फुसके. ट्रेबुशे (दगड फेकणारं मोठं यंत्र) तर लांबूनच किल्ला पाडतो. अजिंक्यताऱ्याचा तटही १७०० साली सुरुंगानं उडालाच की.

सुरुवातीच्या धाडींना तट. सोन्याच्या खाणीवरच सारखा हल्ला होत असेल, तर तिथं किल्ला. रॅम फोडायला चार घोडेस्वार जवळ ठेव.