गुलाबी अँटीफ्रीझ घ्याच, पण टाकी-नळीच्या किटवर विसंबू नका

‘उणे ५०’ लिहिलेलं गुलाबी मरीन अँटीफ्रीझ (गोठून फुटण्यापासून वाचवणारा द्रव) आणि ते बोटीच्या इंजिनात सोडण्यासाठी वीस लिटरची टाकी, नळी, व्हॉल्व्ह आणि पाणी ओढायच्या तोंडावर बसणारे रबरी कप, अशी जोडी हिवाळ्याआधी हमखास विकली जाते. त्यातला द्रव उत्तम आहे. किट अर्धंच काम करतं, आणि राहिलेल्या अर्ध्यातच ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं बिडाचं मुख्य धड, फुटतो.

आधी तो आकडा नीट समजून घ्या. उणे ५० हे फॅरनहाइटमध्ये आहे, म्हणजे उणे ४६ सेल्सिअस. शिवाय तो गोठणबिंदू नाही, फुटण्यापासून संरक्षणाची मर्यादा आहे. उणे दहा-अकरा सेल्सिअसच्या आसपासच या द्रवाचा लगदा व्हायला लागतो. लगदा जागा मिळेल तिकडे सरकतो, त्यामुळे बिडाच्या भिंतींवर जोर येत नाही. पण हे पाणी न मिसळलेल्या द्रवाबद्दल झालं. आत द्रवाइतकंच पाणी शिल्लक असेल, तर मिश्रण शून्याखाली जेमतेम पाच-एक अंशांवर गोठायला लागतं. थंडी जास्त कडक पडत असेल तर ‘उणे १००’वालं घ्या, तेही पाणी न घालता.

किट फसतं ते थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेपाशी. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो. बऱ्याच रॉ-वॉटर (बाहेरचं पाणी थेट ओढून थंड होणाऱ्या) इंजिनांत तेव्हा द्रव ब्लॉक टाळून बायपासने मॅनिफोल्डमध्ये (एक्झॉस्टचा धूर गोळा करणाऱ्या भागात) जातो आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. मागे गुलाबी धार दिसली की माणूस निर्धास्त होतो, आणि ब्लॉकमध्ये साधं पाणी तसंच राहतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. वॉटर जॅकेटची (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीची) पातळ भिंत ते सोसत नाही.

म्हणून आधी थंड करायचं पाणी देत इंजिन चालवून गरम करा. थर्मोस्टॅट उघडला पाहिजे. तो बहुधा ६० किंवा ७१ अंशांचा असतो. मग इंजिन बंद करून ड्रेन प्लग (पाणी काढायची बुचं) काढा: व्ही-इंजिन (सिलिंडरच्या दोन तिरक्या रांगांचं) असेल तर ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे, शिवाय प्रत्येक मॅनिफोल्डचा. रॉ-वॉटर पंपाची नळीही सोडा. प्लग काढूनही पाणी आलं नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. गंज आणि वाळूचा गाळ भोकाच्या आतल्या तोंडाशी घट्ट बसतो. जाड तार आत घालून फिरवा. आधी तांबूस चिखल येईल, मग पाण्याची धार सुटेल. धार पूर्ण थांबेपर्यंत प्लग लावायची घाई नको.

प्लग परत लावल्यावर थर्मोस्टॅट हाउसिंगकडची नळी काढून द्रव थेट ब्लॉकमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये ओता. चार सिलिंडरला साधारण दहा-बारा लिटर लागतात, व्ही-८ला वीसच्या आसपास. म्हणजे व्ही-८साठी किटची एक टाकी जेमतेम पुरते. किट यानंतर वापरा, पंप आणि कूलरमध्ये द्रव पोचवायला. तिथे ते खरंच सोयीचं आहे. फक्त टाकी इंजिनाच्या पंपापेक्षा उंच ठेवा आणि ती रिकामी व्हायच्या आत इंजिन बंद करा, नाहीतर कोरडा फिरून इम्पेलर (पंपातलं रबरी चाक) जळतो.

खात्री करायची तर ड्रेन प्लगमधून थेंबभर नमुना घेऊन रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबावरून द्रवाचा गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणावर) प्रोपिलीन ग्लायकॉलच्या, म्हणजे या गुलाबी द्रवातल्या रसायनाच्या, पट्टीवर वाचा. गाडीच्या कूलंटचा तरंगता हायड्रोमीटर इथे चुकीचा आकडा दाखवतो. द्रव संपला म्हणून गाडीचं इथिलीन ग्लायकॉल तर अजिबात घालू नका. ते विषारी आहे, चवीला गोड लागतं, आणि कुत्री-मांजरं चाटतात. बाहेर पडलेला गुलाबी द्रवही बादलीत धरा, पाण्यात सोडू नका.

इंजिन गोठून गेलं असेल, तर ही बाटली काही करू शकत नाही. स्टार्टरला हात लावू नका. आधी डिपस्टिक बघा: पातळी वर चढलेली असेल तर पाणी ऑइलपॅनच्या तळाशी बसलंय. दुधी चहासारखा रंग इंजिन फिरल्यावरच येतो, त्यामुळे ऑइल स्वच्छ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. मॅनिफोल्डखाली ब्लॉकच्या बाजूने आडवी चीर आहे का, ते आरसा-टॉर्च घेऊन पाहा. फ्रीज प्लग उडाले म्हणून ब्लॉक वाचला, असंही नाही. मुळात ती ओतकामाची भोकं बंद करणारी झाकणं आहेत. मग पाण्याच्या वाटा बंद करून १५ पीएसआय दाबाने हवा भरा आणि पंधरा मिनिटं दाबमापकाचा काटा बघा. बाहेरच्या चिरेवर साबणाचे बुडबुडे येतील. ती मेटल स्टिचिंगने (धातूच्या पिना ठोकून चीर शिवण्याने) टिकाऊ दुरुस्त होते, इपॉक्सी तात्पुरती. काटा उतरतोय पण बुडबुडे कुठेच नाहीत, तर इंटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा वरचा भाग) काढून लिफ्टर व्हॅली (सिलिंडरच्या दोन रांगांमधली खाच) तपासा. तिथली चीर म्हणजे बहुतेकदा नवा ब्लॉक.

आउटबोर्डवाल्यांनी (ज्यांचं इंजिन बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं असतं) यात पैसे घालू नयेत. इंजिन उभं ठेवलं की पाणी आपोआप निथळतं. त्यांनी गिअर ऑइल थंडीआधी बदलावं. ते दुधाळ निघालं तर सील गळतंय, आणि ते पाणी गोठून लोअर युनिट (खालचा गिअरचा डबा) फुटतं.