गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार: पावसाळी पालेभाज्या आणि शेवग्याची पावडर

पावसाळी पाल्यासाठी नाशकात गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार गाठावा, तोही सकाळी लवकर. खुडलेल्या पानातलं क जीवनसत्त्व उन्हात आणि वाऱ्यात झपाट्याने कमी होतं. दुपारी तीच जुडी पाणी मारून ताजी दिसते, पण पाण्याने गेलेला कस परत येत नाही. बाजाराला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा या उघड्यावरच्या उन्हाचा कापला.

सगळ्यात वरचा नंबर शेवग्याच्या पाल्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे 314 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 6 ग्रॅमहून थोडं जास्त प्रथिनं दिली आहेत. क्वेर्सेटिन, क्लोरोजेनिक आम्ल ही अँटिऑक्सिडंट द्रव्यंही यात भरपूर. पान चिरलं की त्यातलं एक एन्झाइम पानातल्याच ग्लुकोसिनोलेट या द्रव्याचं आयसोथायोसायनेट हे दुसरं द्रव्य करतं, आणि दाह, म्हणजे अंगातली सूज, कमी करण्याचा गुण मुख्यतः त्याच्याशी जोडला जातो. उष्णतेने हे एन्झाइम मरतं. म्हणून पाला बारीक चिरून दहा मिनिटं ठेवावा, मगच फोडणीत टाकावा. निवडायला कंटाळा येत असेल तर डहाळी रात्रभर कागदात गुंडाळून ठेवा. सकाळी झटकली की पानं आपोआप गळतात. पिवळी पानं आणि काड्या काढा, भाजी कडू आणि चरचरीत होते ती त्यांच्यामुळे. दोन वाट्या पाल्याला पाव वाटी भिजवलेली मूगडाळ, लसूण, हिरवी मिरची आणि दोन चमचे तेल. तेलात हात आखडू नका, पाल्यातलं बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं) स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. उकळून पाणी ओतून देणं मात्र नकोच. पॉलिफेनॉल (वरची अँटिऑक्सिडंट द्रव्यं याच गटातली) आणि क जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. उतरवताना लिंबू पिळलं की लोहही अंगी लागतं.

घोळ घेताना एक काडी मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. तसंच जमिनीलगत पसरणारं एक चिकाळ तण कधी कधी जुडीत मिसळून येतं. घोळीत ओमेगा-3 गटातलं अल्फा लिनोलेनिक आम्ल असतं, पालेभाजीत ते इतकं क्वचितच सापडतं. मूतखड्याला कारण होणारं ऑक्झॅलेटही बरंच असतं, म्हणून ती ताकात किंवा दह्यात करावी. दह्यातलं कॅल्शियम या ऑक्झॅलेटला पोटातच बांधून ठेवतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ आणि अळू डॉक्टरांना विचारूनच खावं. अळूने घसा खवखवतो तो ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. अळू पूर्ण शिजवायचं, चिंच घालायची. अर्धवट शिजलेलं असेल तर नुसत्या चिंचेने भागत नाही.

टाकळा कोवळाच घ्या, जून पानं पोटाला जड जातात आणि जुलाबही होतात. कुरडूला तुरा आलेला दिसला की ती जुडी सोडून द्या.

आता शेवग्याच्या पावडरीची पाकिटं. किराणा दुकानांत आणि ऑनलाइन खूप मिळतात, पण ताज्या पाल्यापुढे ती दुय्यमच. वाळवताना क जीवनसत्त्व बहुतेक जातं. कॅल्शियम आणि प्रथिनं टिकतात, उलट वजनाच्या मानाने एकवटतात. ताज्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे किलोभर पाल्याची पावडर पाव किलोही भरत नाही. कुणी फारच स्वस्त देत असेल तर काड्या दळलेल्या असण्याची शंका घ्या: चिमूट बोटांत चोळली की धागे लागतात. सावलीत वाळलेली पावडर गर्द हिरवी असते, उन्हात वाळलेली तपकिरी. पारदर्शक पिशवीतली घेऊच नका, उजेडाने रंग आणि गुण दोन्ही उतरतात. पाकिटावर छापलेल्या ‘ओरॅक’ या अँटिऑक्सिडंट ताकदीच्या आकड्यालाही भुलू नका. परीक्षानळीतल्या त्या आकड्यावरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये आपली ओरॅक यादी मागे घेतली.

दाह कमी होण्याचे पुरावे बरेचसे पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतले आहेत, माणसांवरचे अभ्यास लहान आणि थोडे. सांधेदुखीची गोळी बंद करून पावडर सुरू करणं धोक्याचं आहे. वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या टाळणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. बाकीच्यांनी आठवड्यातून तीनचारदा, नागलीच्या भाकरीबरोबर, वाटीभर तरी खावी.