यांपर ठेवावं का इलेक्ट्राइक? पोकेमॉन स्वोर्ड-शील्ड पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

भाचा परभणीहून लातूरला आलाय सुट्टीला, सातवीत हाय, सोबत चुलत भावाचा स्विच (गेम खेळायचं यंत्र) आणलाय आन् पोकेमॉन स्वोर्ड पहिल्यांदाच खेळायलाय. परवा जेवता जेवता विचारला, "मामा, सहाच्या टीममधी वीजवाला एकच ठेवायचाय, यांपर ठिऊ का इलेक्ट्राइक?" मी पटकन यांपर म्हणलो पण तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही, कामून कामून करून डोकं खाल्लं, मग मीबी बसून नीट विचार केला कारण मी दोन्ही पाळलेत, पहिल्या खेपेला यांपर आन् दुसऱ्या खेपेला इलेक्ट्राइक. ज्यांना हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी सगळं इथं लिहायलोय.

आधी दोघांची ओळख. यांपर २०१९ च्या स्वोर्ड-शील्डमधीच पहिल्यांदा आलं, पोकेडेक्समधी (गेममधली पोकेमॉनांच्या माहितीची वही) त्याचा वर्गच 'पिल्लू पोकेमॉन' असा लिहिलाय. गालार म्हणजे ह्या गेममधला इंग्लंडसारखा प्रदेश, म्हणून हे कॉर्गी कुत्र्यासारखं, आखूड पाय, गोल ढुंगण, उंची ३० सेंटीमीटर आन् वजन १३.५ किलो. इलेक्ट्राइक त्याच्याहून लई जुनं, २००२ च्या रुबी-सफायरपासून हाय, हिरवं, ६० सेंटीमीटर उंच पण वजन १५.२ किलोच. म्हणजे उंचीला दुप्पट आन् वजनाला जवळपास तेवढंच, यावरूनच कळतंय कोण गुबगुबीत आन् कोण सडपातळ.

आता लढाईचं. पिल्लू असताना यांपरचा स्पीड फक्त २६ हाय. सव्वीस! इलेक्ट्राइकचा ६५. सगळ्या आकड्यांची (ताकद, बचाव, स्पीड वगैरे) एकूण बेरीज यांपरची २७० आन् इलेक्ट्राइकची २९५, त्यामुळं सुरुवातीला शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर कुणीबी इलेक्ट्राइकच उचलंल. आन् इथंच बहुतेक जण चुकतेत असं मला वाटतंय. यांपर लेव्हल २५ ला बोल्टंड होतंय आन् तेव्हा त्याचा स्पीड २६ वरून थेट १२१ वर जातो. एका रात्रीत. इलेक्ट्राइक लेव्हल २६ ला मॅनेक्ट्रिक होतंय, त्याचा स्पीड १०५. म्हणजे जे पिल्लू मागं राहत होतं तेच मोठं झाल्यावर पुढं निघून जातंय. बोल्टंडची एकूण बेरीज ४९०, मॅनेक्ट्रिकची ४७५. अंगानं मात्र दोघंबी सारखेच कच्चे, एचपी (जीव) ६९ आन् ७०, डिफेन्स (बचाव) दोन्हीकडून ६०-६०, दोन दणके बसले की आडवे. त्यामुळं जो आधी मारंल तो वाचंल, आन् आधी मारायचं म्हणलं की १२१ चा उपयोग रोज दिसतो.

मी बोल्टंड पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्याकडचा कारवान आठवला. लातूर भागात कारवान आन् पश्मी पाळायचा नाद लई जुना हाय, छाती खोल, पोट आत गेलेलं, पाय लांबच लांब, बसलेला असला तर आळशी वाटतो आन् ससा दिसला की नजर पोचायच्या आत दिसेनासा होतो. कारवानचं पिल्लूबी लहानपणी असंच बेंगरूळ दिसतंय, बघणाऱ्याला पटतच नाही की हे पुढं पळंल म्हणून. बोल्टंडबद्दल पोकेडेक्समधी लिहिलंय की वीज पायात सोडून ते सलग तीन दिवस न थांबता पळू शकतंय. आन् यांपरबद्दल लिहिलंय की गालारमधी मेंढरं राखायला ते लई वापरतेत. आमच्या शिवारात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरतेत, त्यांची कुत्री मी लहानपणापासून बघायलोय, म्हणून हे पिल्लू मला परकं कधी वाटलंच नाही. हे माझं मत झालं, ज्याला त्याला वेगळं वाटू शकतंय.

सापडायला कोण सोपं? यांपर. गालार माइनमधून बाहेर पडलं की रूट ४ लागतो, तिथं गवतात फिरायला दिसतंय, आन् पकडायला इतकं सोपं की कॅच रेट (पकडायला किती सोपं त्याचा आकडा) २५५, त्याच्या वर गेममधी आकडाच नाही. इलेक्ट्राइकचा १२०. इलेक्ट्राइकसाठी वाइल्ड एरियात (गेममधलं मोठं मोकळं रान) विजा कडाडायचं हवामान असलं तर बघा, तेव्हा वीजवाले जास्त निघतेत. फक्त एक लक्षात ठेवा, बॅज (जिम म्हणजे लढाईचा अड्डा, तो जिंकला की मिळणारा बिल्ला) नसताना लेव्हल २० च्या वरचं काही पकडता येत नाही आन् पहिला बॅज मिळाला की २५ पर्यंत येतंय, म्हणून वाइल्ड एरियात मोठ्या लेव्हलच्या मागं लागून बॉल वाया घालू नका.

बॉलवरून आठवलं, यांपरची अ‍ॅबिलिटी (अंगचा खास गुण) 'बॉल फेच'. लढाईत तुम्ही फेकलेला पहिला बॉल फुकट गेला तर हे जाऊन उचलून आणतंय, त्याच्याकडं दुसरी वस्तू धरायला दिलेली नसली तर. सुरुवातीला पैसे कमी असतेत तेव्हा महागडा बॉल परत आला की बरं वाटतंय, पण लढाईत त्याचा काही उपयोग नाही हे मान्य करायला पाहिजे. मोठं झाल्यावर हीच अ‍ॅबिलिटी 'स्ट्राँग जॉ' होते, म्हणजे मजबूत जबडा, आन् खरी गंमत इथं हाय.

नीट समजून घ्या. स्ट्राँग जॉ असला की चावायच्या सगळ्या मूव्हला (डावांना) दीडपट जोर येतो. थंडर फँगची ताकद ६५ लिहिलेली दिसते म्हणून लोक बघतबी नाहीत आन् ९० ची वाइल्ड चार्ज घेतेत. पण ६५ ची दीडपट म्हणजे साडेसत्त्याण्णव, वाइल्ड चार्जहून जास्त! आन् वाइल्ड चार्ज मारली की जेवढं नुकसान केलं त्याच्या पाव हिस्सा स्वतःला लागतो, थंडर फँगला तसं काही नाही, फक्त शंभरात पाच वेळा हुकते. अंगानं कच्च्या कुत्र्याला स्वतःचंच रक्त सांडायला लावायचं कशाला. क्रंच ८० ची १२० होते, फायर फँगनं गवतवाल्यांची सोय होते, सायकिक फँग्जनं फायटिंगवाल्यांची. चारी मूव्ह चावायच्या ठेवल्या तरी चालतंय.

मॅनेक्ट्रिकचं गणित वेगळं. त्याचा स्पेशल अटॅक १०५, अटॅक ७५ च. म्हणजे लांबूनच वीज फेकायची, थंडरबोल्ट ९०, त्याच्या जोडीला फ्लेमथ्रोअर ९०, दोन्ही शंभर टक्के लागणाऱ्या. खेळायला लई स्वच्छ. अडचण एवढीच की स्वोर्ड-शील्डमधी थंडरबोल्ट आन् फ्लेमथ्रोअर टीआरवर (मूव्ह शिकवायची तबकडी) मिळतेत, टीआर एकदा वापरला की संपला, आन् तो मिळवायला वाइल्ड एरियात वॉट (तिथलं चलन) गोळा करत नाहीतर रेड (चौघांनी मिळून मोठ्या पोकेमॉनशी लढाई) खेळत बसावं लागतंय. फँगवाले टीएम (तशीच तबकडी) कितीदाबी वापरता येतेत. लेव्हल वाढवायलाबी इलेक्ट्राइक जड जातंय, त्याचा गट 'स्लो' हाय, १०० व्या लेव्हलपर्यंत साडेबारा लाख एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतो, यांपरला त्याच्याहून कमी लागतो. गेमची गोष्ट संपवेपर्यंत लई फरक पडत नाही, पण थोडा जाणवतो.

आता जिमप्रमाणं बघू, कारण नवीन खेळणाऱ्याला शेवटी तिथंच अडायलं होतंय.

पहिला जिम मायलोचा, गवतवाला, तिथं दोन्ही पिल्लं घरी ठेवा. दुसरा नेसाचा, पाणीवाला, आन् ह्याच जिमसाठी आपण वीजवाला शोधायलो असतो. नेसाचे तिन्ही पोकेमॉन लेव्हल २२ ते २४ चे, गोल्डीन, अ‍ॅरोकुडा आन् शेवटी ड्रेडनॉ जे डायनामॅक्स होतंय (थोड्या वेळापुरतं राक्षसाएवढं मोठं). तुमचं पिल्लूबी तेव्हा साधारण त्याच लेव्हलला असतंय, म्हणजे यांपर अजून यांपरच! स्पीड २६ घेऊन उभं, समोरचा प्रत्येक जण आधी मारणार. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ड्रेडनॉनं एकाच फटक्यात आडवं केलं होतं आन् मला लई वाईट वाटलं होतं, लाडाचं पिल्लू ते. इथं इलेक्ट्राइक उघड उघड सरस हाय, खोटं कामून बोलू. त्याचा ६५ चा स्पीड गोल्डीन आन् अ‍ॅरोकुडाच्या बरोबरीला लागतो.

पण यांपर घेऊन जायचं असंल तर दोन रस्ते हायेत. एक तर दोन लेव्हल जास्त करून बोल्टंडच घेऊन जा, वाइल्ड एरियात रेड खेळून एक्सपी कँडी मिळते त्यानं अर्ध्या तासाचं काम हाय. नाहीतर नझल वापरा. नझलची ताकद फक्त २० पण ज्याला लागली त्याला शंभर टक्के लकवा होतो आन् लकवा झालेल्याचा स्पीड निम्मा. ड्रेडनॉ मोठं झालं तरी त्याला लकवा लागतो. आधी नझल, मग आपलं पिल्लू डायनामॅक्स करा, एचपी किमान दीडपट होतो, आन् स्पार्कची मॅक्स लायटनिंग होऊन जमिनीवर वीज पसरते, पुढचा फटका अजून जोरात. एवढंसं गुबगुबीत पिल्लू स्टेडियमभर मोठं होऊन उभं राहिलं की भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होणार हाय.

तिसरा काबूचा आगीवाला, तिथं वीज ना कामाची ना नुकसानीची. चौथ्याला मात्र तुमच्याकडं कुठला गेम हाय ते बघा. शील्डमधी अ‍ॅलिस्टर, भूतवाला, तिथं बोल्टंडची १२० झालेली क्रंच म्हणजे रान मोकळं. स्वोर्डमधी बीया, फायटिंगवाली, तिथं दोघांचंबी विशेष काही नाही, सायकिक फँग्जचा टीआर आधीच हाती लागला असंल तरच बोल्टंड कामाला येतंय. शेवटच्या जिमला, रायहानच्या, दोघांनाबी बाहेर बसवा, फ्लायगॉन आन् सँडाकोंडा दोन्ही जमीनवाले, विजेचा ओरखडाबी उमटत नाही. आन् सगळ्यात शेवटी चॅम्पियन लिऑनचं चारिझार्ड, आग आन् उडणारं, त्याच्यावर वीज दुप्पट लागते. त्या एका लढाईसाठी तरी वीजवाला टीममधी पाहिजेच, मग कुठलाबी असो.

मॅनेक्ट्रिकची 'लायटनिंग रॉड' अ‍ॅबिलिटी भारी हाय, समोरून आलेली वीज स्वतःकडं ओढून घेतंय, लागत तर नाहीच उलट स्पेशल अटॅक वाढतो. पण ती दोन-दोनच्या लढाईत शोभते, गोष्टीत तशा लढाया कमीच. मित्रांसंग डबल खेळणारा असंल, टीममधी ग्याराडोस असंल, त्यानं मात्र डोळे झाकून इलेक्ट्राइक घ्यावं. मेगा मॅनेक्ट्रिक (जुन्या गेममधलं त्याचं जास्त ताकदीचं रूप) बघून कुणी भुलू नका, ते स्वोर्ड-शील्डमधी होत नाही.

स्टार्टर (गेम सुरू करताना मिळणारा पहिला पोकेमॉन) कोणता घेतलाय त्यावरबी ठरतंय. सॉबल घेतलं असंल तर ते पुढं इंटेलिऑन होतंय, लांबून मारणारं, मग जोडीला चावणारं बोल्टंड पाहिजे. ग्रूकी घेतलं असंल तर रिलाबूम स्वतःच दणकट, तिथं लांबून मारणारं मॅनेक्ट्रिक बसतंय आन् त्याची आगबी कामाला येते. स्कॉरबनीवाल्यांकडं आग आधीच असते, मग मॅनेक्ट्रिकच्या फ्लेमथ्रोअरचं कौतुक उरत नाही, त्यांनी मनाला येईल ते घ्यावं. टॉक्सेलबी रूट ५ च्या नर्सरीत फुकट मिळतंय आन् पुढं टॉक्सट्रिसिटी लई जोरात निघते, पण ते लेव्हल १ पासून वाढवायचं आन् ३० ला बदलतंय, तोपर्यंत नेसा होऊन गेलेली असते, आन् ते कुत्रं नाही.

भाच्याला मात्र इलेक्ट्राइककडं ओढायला एक वेगळंच कारण निघालं. मॅनेक्ट्रिकबद्दल पोकेडेक्समधी लिहिलंय की ते माणसाला फारसं दिसत नाही आन् जिथं वीज पडली तिथं घर करतंय. आमच्या बांधावर एक लिंब हाय, वीज पडून एका अंगानं जळालेला, दुसऱ्या अंगानं अजून हिरवा. मे महिन्यात वळवाचं आभाळ भरलं की आई अजूनबी ओरडून सगळ्यांना घरात घेते, झाडाखाली कुणाला थांबू देत नाही, मराठवाड्यात दरवर्षी विजेनं माणसं अन् जनावरं जातेत, तिला ती भीती हाय आन् ती खरी हाय. पोरगं त्या लिंबाकडं बघत म्हणला, "मामा, मग ह्याच्या बुडात मॅनेक्ट्रिक राहत असंल ना?" त्याच्यापुढं माझे १२१ आन् १०५ चे आकडे काय टिकणार. पण आभाळ आल्यावर तिकडं जायचं नाही हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

तरी मी त्याला यांपरच सांगितलं, कारण पहिल्या खेपेला लेव्हल २५ चा तो क्षण बघायला मिळायला पाहिजे, मागं मागं राहणारं पिल्लू एकदम लांब पायांचं होऊन सगळ्यांच्या पुढं उभं राहतंय तो. इलेक्ट्राइकबी पकडून बॉक्समधी (टीमबाहेरचे पोकेमॉन ठेवायची जागा) ठेव म्हणलं, ह्या गेममधी बॉक्स जवळपास कुठूनबी उघडता येतो, नको वाटलं तर बदलता येतंय.

काल रात्री त्याचं यांपर लेव्हल २३ ला पोचलं तेवढ्यात लाइट गेली, स्विचची बॅटरी सोळा टक्के. आज संध्याकाळी नेसा हाय, दुपारपासूनच चार्जिंगला लावून ठेवलाय.