.३२ लाँगची शिशाची गोळी: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत

काडतूस: .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, ९८ ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप), गोल नाकाची साधी शिशाची गोळी. हत्यार: मधून मोडून उघडणारे, सहा घरांचे, तीन इंच नळीचे भारतीय बनावटीचे रिव्हॉल्व्हर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला ४५ अंशांचा मे, मग पावसाळा आणि शेवटी दिवाळीची कोरडी हवा, एवढे सगळे या गोळीने सोसले. मत आधीच सांगून टाकतो. गोळी कमजोर आहे, पण भरवशाची आहे, आणि बिघडते तेव्हा बहुतेक वेळा ती मालकानेच बिघडवलेली असते.

कमजोर म्हणजे किती? एवढ्या आखूड नळीतून ती सेकंदाला साधारण २१० मीटरने सुटते, म्हणजे ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास. अमेरिकन पोलिसांनी अनेक दशके कमरेला बाळगलेली .३८ स्पेशल, १५८ ग्रेनची साधी गोळी, २७० ज्यूलपर्यंत जाते. तीच गोळी मऊ शिशाची, खांदेदार, पोकळ नाकाची आणि जास्त दाबाची केली की ३७० च्या पुढे. १९३५ ची .३५७ मॅग्नम तर वेगळ्याच गल्लीतली. .३२ लाँग ही १८९६ ची. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे पोलीस कमिशनर थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या शिपायांसाठी .३२ चे कोल्ट निवडले होते, म्हणजे ही एके काळी पोलिसांचीच गोळी. आपल्याकडे ती टिकली ती कायद्यामुळे. ठाण्यांतल्या जुन्या वेब्ली आणि एनफिल्ड रिव्हॉल्व्हरांची .३८० हा सर्व्हिस बोअर, म्हणजे फौज-पोलिसांसाठी राखलेला, ९ मिलिमीटरही तसाच, त्यामुळे साध्या लायसन्सवर दोन्ही मिळत नाहीत.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: पोकळ नाकाची का नको? कारण या वेगाला ती उमलत नाही. पोकळ नाक उमलायला वेग लागतो, आणि त्यातून जाड कपड्याने भोक बुजले की ती साध्या गोळीसारखीच वागते. चुकून उमललीच, तर एवढ्याशा ऊर्जेत खोलवर पोहोचत नाही. एफबीआयची कसोटी जिलेटिनमध्ये (शरीराच्या ऊतींच्या जागी वापरतात तो गोळा) १२ ते १८ इंच खोलीची आहे. .३२ लाँगने खोली सांभाळावी आणि आकाराचा हट्ट सोडावा. फरक पडतो तो सपाट नाकाने. नेमबाजांची वॅडकटर, म्हणजे पुढून सपाट गोळी कागदात पंचिंग मशीनसारखे स्वच्छ भोक पाडते. गोल नाक ऊती बाजूला सारून निघून जाते, सपाट नाक कापत जाते. पण वॅडकटरची तीक्ष्ण कड भरताना घराच्या तोंडाशी अडते, आणि घाईत, घामेजल्या बोटांनी, हे फार खटकते. म्हणून चक्रीत (घरे असलेल्या फिरत्या भागात) सपाट, खिशात गोल, ही .३८ वाल्यांची जुनी रीत इथेही चालते. दोन्हींचा नेम मात्र रेंजवर आधी ताडून पाहावा. वजन सारखे असले तरी गोळ्या एकाच जागी लागतील असे नाही.

लायसन्सवर नुसते ".३२" लिहिलेले असते आणि घोटाळा तिथेच होतो. पिस्तुलाची .३२ एसीपी, म्हणजे ७१ ग्रेनची तांब्याच्या आवरणाची ७.६५ मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरच्या घरात सहज उतरते. उतरते म्हणून चालते असे नाही. लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय, एसीपीचा २०,५००. मोडून उघडणाऱ्या हत्याराचे कुलूप आणि बिजागर हा जादा मार फार दिवस सोसत नाही. शिवाय एसीपीचा काठ बारीक, त्यामुळे केस (काडतुसाची पितळी नळी) बाहेर काढणारा तारा त्याच्यावरून घसरतो. चंबळात "चालते की हो, आमच्या काकांनी वर्षभर चालवली" म्हणणारे भरपूर भेटतील. काकांच्या रिव्हॉल्व्हरचे कुलूप हलवून बघा.

साठवणीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण न उडालेल्या गोळ्यांची बहुतेक कारणे इथेच सापडतात.

पहिला शत्रू तेल. हत्याराला तेल लावताना घरांत राहिलेला ओशटपणा टोपीच्या (काडतुसाच्या तळातल्या प्रायमरच्या) कडेने आत झिरपतो, आणि पातळ, आत शिरणारी फवारणीची तेले तर विशेष वाईट. टोपीतला मसाला मेला की घोडा पडतो, खूण उमटते, आवाज नाही. म्हणून घरे कोरड्या फडक्याने पुसूनच भरावीत. खंडेनवमीला शस्त्रपूजा जरूर करा, पण हळदकुंकू, पाणी आणि तेलाचे बोट हत्यारापुरतेच ठेवा. काडतुसांची पेटी पाटावर मांडू नका.

दुसरा शत्रू चामडे. चामड्याच्या पट्ट्यातल्या कप्प्यांत गोळ्या रुबाबदार दिसतात, पण कमावलेल्या चामड्यातली आम्ले पितळेला हिरवा गंज आणतात. पावसाळ्यात तर काही आठवड्यांतच केसवर हिरवट कडे दिसू लागते. असा थर आला की गोळी घरात पूर्ण बसत नाही आणि चक्री जड फिरते. ब्लेडने खरवडू नका, ती गोळी बाजूला काढा. ठेवायला रबरी कडेची पत्र्याची पेटी आणि सिलिका जेलची पुडी पुरते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये किंवा गच्चीलगतच्या कपाटात तर मुळीच नको.

भरण्याआधी प्रत्येक गोळीच्या तळावरून अंगठा फिरवा. टोपी तळाच्या किंचित आत असली पाहिजे. वर आलेली टोपी मागच्या भिंतीला घासते आणि चक्री अडकते. मग गोळी घरात सोडा: स्वतःच्या वजनाने काठापर्यंत गेली तर ठीक, अंगठ्याने ढकलावी लागली तर नाही. हे करताना नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर.

रेंजवर गोळी उडाली नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबावे. दारू कधीकधी उशिरा पेटते, आणि लगेच उघडलेले हत्यार तेव्हा फार महागात पडते. आवाज नेहमीपेक्षा दबका, फुसका आला तर पुढचा चाप ओढूच नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. कधी ती चक्री आणि नळीच्या मधोमध थांबते, मग चक्री फिरतच नाही. ठोकाठोकी न करता बंदूकसाजाकडे न्या.

शिशाची गोळी नळीच्या सुरुवातीला शिसे सोडते. पन्नासेक फैरींनंतर तिथे करड्या रेघा दिसतात; .३२ चा पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने निघतात. ताऱ्याखाली अडकलेले न जळलेल्या दारूचे कण जास्त त्रास देतात, कारण ते असले की तारा पूर्ण बसत नाही आणि हत्यार बंद होताना जड लागते. जुना दातांचा ब्रश पुरेसा आहे. उघडताना अर्धवट, हळूच उघडू नये. एका दमात पूर्ण उघडावे आणि थोडे बाजूला कलवावे, नाहीतर रिकामी केस ताऱ्याखाली शिरून बसते.

निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करताना पावतीवर गोळ्यांची संख्या लिहून घ्या. परत आल्यावर नळी, घरे आणि प्रत्येक गोळी वरच्या पद्धतीने तपासा. महिनोन्‌महिने दमट खोलीत पडलेल्या गोळ्या पुन्हा कमरेला लावू नयेत, त्या रेंजवर संपवाव्यात.

रिव्हॉल्व्हरचा एक फायदा कोणी बोलत नाही. तीच गोळी पुन्हा पुन्हा भरली-काढली तरी पिस्तुलासारखी ती केसमध्ये आत ढकलली जात नाही. तरीही रोज बाळगायच्या सहा गोळ्या वर्षाला बदलाव्यात.

जुन्या, संशयास्पद गोळ्या लग्नाच्या वरातीत उडवून टाकायची पद्धत ग्वाल्हेरात अजून गेलेली नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे केलेल्या हर्ष फायरला (आनंदाच्या भरात हवेत झाडलेल्या गोळीला) दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हिरव्या पडलेल्या किंवा घोडा पडूनही न उडालेल्या गोळ्या परवानाधारक दुकानदाराकडे किंवा ठाण्यात द्या, लेखी पोच घ्या आणि ती लायसन्सच्या फाइलमध्ये लावा. पुढच्या खरेदीच्या वेळी हिशोब तिथूनच जुळतो.